डोंबिवली फास्टमधला शृंगार

नखं घरी कापू नयेत. संध्याकाळी कापली तर लक्ष्मी जाते, शनिवारी कापली तर आई ओरडते आणि रविवारी उठायलाच अकरा वाजतात. राहिली सकाळची डोंबिवली फास्ट. तिथे कुठलंच शास्त्र आडवं येत नाही.

जागा मात्र बघून घ्या. चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर, कोपर हलत नाही. खिडकी उत्तम. सुरुवात पायाच्या अंगठ्यापासून करा. ते नख जाड, टक्‌ करून उडतं आणि शेजारी लगेच चार बोटं सरकतो. एवढी ऐसपैस जागा फर्स्ट क्लासच्या पासातही मिळत नाही. नख समोरच्याच्या पोह्यांत पडलं तर शोधायला जाऊ नका. खोबरं तसंच दिसतं.

कानासाठी बाइकची चावी. डोळे अर्धे मिटावेत, तोंड किंचित उघडावं. एक पाय आपोआप हलू लागला की चावी मुक्कामी पोचली. बाहेर आलेला ऐवज उजेडात धरून नीट बघावा. स्वतःच्या मेहनतीचं फळ न बघताच पुसून टाकायचं म्हणजे फारच कोरडेपणा.

नाकाचं दुःख निराळं. ठाण्याच्या अलीकडे पारसिकचा बोगदा आहे, १९१६ सालचा, १.३ किलोमीटर लांब. फास्ट गाड्या त्यातून जायच्या तेव्हा बाहेर अंधार, कानठळ्या बसवणारा आवाज आणि जो तो आपल्यापुरता. तेवढ्यात दोन्ही नाकपुड्या उरकायच्या. २०२२ साली नवे रूळ सुरू झाले, बोगदा मेल-एक्सप्रेसच्या वाट्याला गेला आणि आपण मुंब्र्याच्या लख्ख उन्हात आलो. प्रवाशांच्या सोयी म्हणतात त्या ह्या! आता मोबाइलमध्ये मान घालूनच बोट चालवा. माणूस गहन विचारात आहे असं वाटतं.

कंगवा ठाणं गेल्यावर काढावा. आधी तो पंख्याच्या जाळीतून आत घालून अडलेलं पातं फिरवून द्यावं. डबा दुवा देतो. मग तोच डोक्यात. भांग शेजाऱ्याच्या चष्म्याच्या काचेत छान दिसतो, फक्त त्याला हलू नका म्हणून सांगावं लागतं.

आणि समोरचा मघापासून टक लावून बघतोय म्हणून ओशाळू नका. दादर जवळ आलंय, त्याला नेलकटर हवाय.