आपला माणूस मुख्यमंत्री झाला म्हणजे?

दर रविवारी सकाळी स्टुटगार्टहून अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी फोन लावला, की पाऊसपाणी, कपाशीचा भाव आणि बहिणीच्या मुलांची शाळा एवढे बोलून झाल्यावर आबा एक प्रश्न हमखास विचारतात : "आपला खानदेशना मानूस मुख्यमंत्री कवय व्हई रे भाऊ?" गावाच्या पारावर, बाजार समितीत, जळगाव-धुळ्याच्या वर्तमानपत्रांत आणि निवडणुकीच्या प्रत्येक सभेत हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. तो खोटा नाही. १ मे १९६० पासून पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ, मराठवाडा आणि कोकण या सर्वांना मुख्यमंत्रिपद मिळाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांना मात्र एकदाही मिळाले नाही. जळगावच्या कन्या प्रतिभाताई पाटील २००७ साली राष्ट्रपती झाल्या, पण मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर आमच्या भागातले कोणी बसले नाही. मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे २००९ ते २०१४ विरोधी पक्षनेते होते आणि सत्ता आल्यावर त्यांचे नाव चर्चेत होते; ते महसूलमंत्री झाले आणि २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ही खंत मी जाणतो, कारण ती माझ्याही घरातली आहे.

तरीही २००९ पासून जर्मनीत राहून माझे मत असे झाले आहे, की आपण प्रश्न अर्धाच विचारतो आहोत. खुर्चीवर कोण बसतो याची चर्चा आपण रात्र-रात्र करतो. त्याला तिथे कोण बसवतो आणि कोण उठवतो, याची करत नाही.

मी राहतो ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य १९५२ साली तीन लहान राज्ये जोडून झाले. जर्मनीही संघराज्य आहे आणि प्रत्येक राज्याला मुख्यमंत्री असतो; राज्यपाल हे पदच नाही. निवडणुकीनंतर विधानसभेचे सदस्य गुप्त मतदानाने मुख्यमंत्री निवडतात आणि त्याला एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. मे २०११ मध्ये विनफ्रीड क्रेट्शमान यांची निवड मी दूरचित्रवाणीवर पाहिली. १३८ सदस्यांच्या सभागृहात त्यांच्या आघाडीचे ७१ आमदार होते, मते पडली ७३. कोणत्या हॉटेलात कोण उतरले आहे, याची बातमी नव्हती. निवडलेल्या मंत्रिमंडळालाही सभागृहाची मान्यता घ्यावी लागते, आणि नव्या विधानसभेच्या पहिल्या बैठकीपासून तीन महिन्यांत सरकार बनले नाही, तर विधानसभाच विसर्जित होते.

याहून महत्त्वाची तरतूद पुढे आहे. तिथे मुख्यमंत्र्यावर नुसता अविश्वास दाखवता येत नाही. त्याला हटवायचे असेल, तर त्याच वेळी त्याच्या जागी दुसऱ्याला बहुमताने निवडावे लागते. याला रचनात्मक अविश्वास ठराव म्हणतात.

आपल्या घटनेच्या १६४व्या अनुच्छेदानुसार मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात. सभागृह आपला अध्यक्ष स्वतः निवडते, पण राज्याचा कारभारी निवडत नाही. त्याच्यामागे बहुमत आहे का, एवढेच नंतर तपासते. या मोकळ्या जागेत जे घडत आले, तो आपला इतिहास आहे. जून १९८० ते जून १९८८ या आठ वर्षांत अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर आणि शंकरराव चव्हाण असे पाच मुख्यमंत्री झाले आणि सहावे, शरद पवार, शपथ घेत होते. एकालाही सभागृहाने मत देऊन पाडले नव्हते. नोव्हेंबर २०१९ मध्ये राष्ट्रपती राजवट उठवून सकाळी झालेला शपथविधी, आणि जून २०२२ मध्ये बहुमत चाचणीच्या आदल्या दिवशी आलेला राजीनामा, हे तर सर्वांना आठवते. मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी चाचणी बोलावणे योग्य नव्हते असे सांगितले, पण राजीनामा दिला असल्याने आधीचे सरकार परत आणता येणार नाही, असेही सांगितले. पाच वर्षांची मुदत पूर्ण करणारे मुख्यमंत्री आजवर दोनच, वसंतराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस.

नाईकांच्या सलग अकरा वर्षांचा उल्लेख मी मुद्दाम करतो. संकरित ज्वारी घरोघर पोचली ती त्यांच्या काळात, आणि १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली तीही. त्या कामावर दगड फोडून माझ्या आजोबांनी घर चालवले. नाईक पुसदचे होते, पण घरातल्या कोणी त्यांना परके म्हटल्याचे मला आठवत नाही.

याच्या उलट, आमच्या तापीवरचा पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्प. त्याला नव्वदच्या दशकात मान्यता मिळाली. मागच्या सुटीत आबांना घेऊन गेलो, तेव्हा नदीपात्रात काँक्रीटचे उघडे खांब उभे होते आणि आबा काठावर बसून कोणत्या मुख्यमंत्र्याने कोणत्या सभेत काय आश्वासन दिले, ते सांगत होते. मनोहर जोशींपासून आजवर नऊ व्यक्ती त्या पदावर बसल्या. १९५२ पासून २०११ साली क्रेट्शमान येईपर्यंत बाडेन-व्युर्टेम्बर्गने एकूण आठ मुख्यमंत्री पाहिले होते.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्थैर्य आले की काम वेळेवर होते, असे नाही. स्टुटगार्टचे नवे भूमिगत रेल्वे स्थानक २०१० पासून बांधले जात आहे आणि २०१९ ची ठरलेली तारीख उलटून गेली, तरी अपुरे आहे. एकच पक्ष १९५३ ते २०११ सत्तेचे नेतृत्व करत राहिला, याचेही दुष्परिणाम झाले. ३० सप्टेंबर २०१० रोजी याच स्थानकाला विरोध करणाऱ्यांवर बागेत पाण्याच्या तोफा चालल्या आणि त्याची किंमत सरकारने सहा महिन्यांनी मतपेटीत मोजली. पण पुढे जे झाले ते मला अधिक मोलाचे वाटते. क्रेट्शमान स्वतः या प्रकल्पाच्या विरोधात होते. नोव्हेंबर २०११ मध्ये सार्वमत झाले, बहुसंख्यांनी प्रकल्पाच्या बाजूने कौल दिला आणि त्यांनी तो मानला. उशिराचा जाब कोणाला विचारायचा, हे त्यानंतर दहा वर्षे प्रत्येकाला माहीत होते. पाडळशाचा जाब आबांनी नवांपैकी कोणाला विचारावा?

जर्मनीतले सगळे उचलून आणा, असे मी म्हणत नाही. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना आढावा आयोगाने २००२ साली असेच सुचवले होते : कोणालाही स्पष्ट बहुमत मिळाले नाही, तर सभागृहाने नेता निवडावा आणि अविश्वास ठरावात पर्यायी नेत्याचे नाव असावे. तो अहवाल आपल्या देशातला आहे. आणि खानदेशाला हा विषय नवा नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला, खेड्यात भरलेल्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनात, ब्रिटिशांचा १९३५ चा भारत सरकार कायदा नाकारूनही त्याखालच्या निवडणुका लढवण्याच्या निर्णयावर शिक्कामोर्तब झाले होते. त्याच निवडणुकांतून पुढच्या वर्षी बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे सरकार चालवू लागले. आपल्या मुख्यमंत्रिपदाची सुरुवात शोधत गेलो, तर एक वाट यावल तालुक्यातून जाते.

आबांना हे सगळे फोनवर समजावले. ते म्हणाले, मग आपला माणूस नको का? हवा, मी म्हणालो, पण सर्वांसमोर मत घेऊन निवडलेला हवा, म्हणजे दिल्लीच्या एका फोनवर तो जाणार नाही. दिवाळीला गावी जाणार आहे. विधानसभेत या आयोगाच्या शिफारशीवर अशासकीय ठराव, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराला मांडता येणारा ठराव, मांडावा, अशी लेखी विनंती आमच्या आमदारांना द्यायची आहे. तिच्यावर पहिली सही आबा करणार आहेत.