‘काँग्रॅच्युलेशन्स’ला ग्रीकमध्ये काय म्हणायचं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रोजच्या इंग्रजी शब्दांचं ग्रीक कसं करावं या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मोठी आहे आणि तळमळीने लिहिलेली आहे. खाली दोन ओळींत ती आटपायची नव्हती, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्या भाचीचं लग्न थेसालोनिकीला, तिथल्याच मुलाशी ठरलं आहे. त्यासाठी तुम्ही रोज लागणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी केलीत, समोर ग्रीक शब्दांचा रकाना आखलात आणि माझा लेख उघडलात. तिथे ‘सॉरी’ला तीन शब्द आणि ‘काँग्रॅच्युलेशन्स’ला चार. तुमचं म्हणणं असं की मी सोपं काम अवघड करते, फोनमधलं अ‍ॅप एका शब्दाला एकच शब्द देऊन मोकळं होतं. शिवाय इंग्रजीतून ग्रीकमध्ये जाताना मी मध्येच मराठी आणते, हा नुसता भाषाभिमान. आणि तिसरं, प्लेटोच्या भाषेत अस्सल शब्द असताना मी तुर्कांकडून आलेले बाजारू शब्द शिकवते.

लग्नाचंच आधी घेऊ. शब्दकोशात ‘काँग्रॅच्युलेशन्स’समोर ‘सिन्खारितिरिया’ सापडेल. शब्द बरोबर आहे. पदवी मिळाली, बढती झाली, स्पर्धा जिंकली की तो म्हणतात. लग्नातही तो कानावर पडेल. पण चर्चमधला विधी आटपल्यावर लोक रांगेने पुढे येतात आणि नवरानवरीला म्हणतात, ‘ना झिसेते’. म्हणजे जगा, आयुष्मान व्हा. तेच लोक शेजारी उभ्या असलेल्या आईवडिलांकडे वळले की वाक्य बदलतं: ‘ना सास झिसून’, तुमची ही दोघं तुम्हाला जगोत. नवरानवरीच्या डोक्यावरच्या फितीने जोडलेल्या मुकुटांची तीनदा अदलाबदल करणारा एक जण असतो, कुंबारोस. त्याला ‘पांता आक्सिओस’, सदैव या मानाला पात्र राहा. घोळक्यात कुणी बिनलग्नाचं दिसलं तर ‘के स्ता दिका सू’, आता तुझ्याही लग्नाला येऊ. मूल झालं की ‘ना सास झिसी’. नवं घर घेतलं की ‘कालोरिझिको’. नवा शर्ट किंवा केस कापून आलेला माणूस दिसला की ‘मे या’, म्हणजे आरोग्यासह वापर. यातल्या बहुतेक ठिकाणी इंग्रजी एकाच शब्दावर भागवते. तुमच्या रकान्यात एक शब्द बसवायचा तर यातले बाकीचे प्रसंग मला पुसून टाकावे लागतील, आणि तुम्ही तर नेमके त्याच प्रसंगात जाऊन उभे राहणार आहात.

आपल्याकडे काय वेगळं आहे? वाकून नमस्कार करणाऱ्या नव्या नवरीला आजी ‘अभिनंदन’ म्हणत नाही, ‘अखंड सौभाग्यवती हो’ म्हणते. नातवाला वाढदिवसाला ‘शतायुषी हो’ म्हणते. ग्रीक आजी नातवाला ‘ना ता एकातोस्तिसिस’ म्हणते. अर्थ तोच, शंभर पूर्ण कर. दोन्ही आज्या ‘हॅपी बर्थडे’चं भाषांतर करत नाहीत. वाढदिवसाला मोठ्या माणसाने काय म्हणायचं हे त्यांना ठाऊक असतं. मी मराठीला मध्ये आणते ते याच कारणाने.

तुम्ही याला भाषाभिमान म्हणालात, म्हणून जरा तपशिलात जाते. ‘आय अ‍ॅम टायर्ड’ हे वाक्य घ्या. ग्रीक पुरुष ‘इमे कुरास्मेनोस’ म्हणतो, बाई ‘इमे कुरास्मेनी’. मराठीत दमलो आणि दमले. इंग्रजी वाक्यात बोलणारा कोण हे कळतच नाही, त्यामुळे तुमच्या अ‍ॅपला तिथे अंदाज करावा लागतो. तुमच्या बहिणीने तेच वाक्य टाईप केलं आणि अ‍ॅपने पुरुषाचं रूप दिलं तर चूक कळणार कशी? मराठी माणसाला ती लगेच खटकेल, कारण बोलण्याआधी लिंग ठरवायची सवय त्याच्या अंगात आहे. ग्रीकला आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत. मूल दोन्हीकडे नपुंसकलिंगी आहे: ते मूल, ‘तो पेदी’ (यातला ‘तो’ आपला नव्हे, ते ग्रीकमधलं नपुंसकलिंगी उपपद). अर्थात प्रत्येक शब्दाचं लिंग जुळत नाही. समुद्र त्यांच्याकडे स्त्रीलिंगी आहे आणि मुलगी, ‘तो कोरित्सी’, चक्क नपुंसकलिंगी. पण तीन कप्पे आपल्या डोक्यात आधीपासून असतात, ही जमेची बाजू थोडी नाही.

‘यू’चं तसंच. ग्रीकमध्ये एकेरी ‘एसी’ आणि आदरार्थी ‘एसिस’ आहे. भाचीच्या सासूसासऱ्यांशी पहिल्या भेटीत ‘एसिस’नेच बोला. थोड्या वेळाने त्यांच्यापैकीच कुणीतरी म्हणेल, ‘मिला मू स्तोन एनिको’. शब्दशः भाषांतर केलं तरी अस्सल मराठी निघतं: माझ्याशी एकेरीत बोल. हे वाक्य इंग्रजीतून जाऊच शकत नाही, कारण तिथे एकेरी-आदरार्थी असा भेद उरलेलाच नाही.

‘आय लाइक इट’ शिकवताना इंग्रजी भाषकांना फार समजवावं लागतं की ग्रीकमध्ये आवडणारी वस्तू हा कर्ता. आपल्याला समजवायला काय आहे? ‘मू आरेसी’ म्हणजे मला आवडतं, ‘मू आरेसून’ म्हणजे मला आवडतात. वय विचारताना ते ‘पोसोन ख्रोनोन इसे’ म्हणतात, षष्ठीसकट ‘किती वर्षांचा आहेस’. नाव सांगताना ‘मे लेने’, मला अमुक म्हणतात. इंग्रजीला ‘डे आफ्टर टुमॉरो’ असे तीन शब्द लागतात, ग्रीकला ‘मेथाव्रियो’ पुरतो आणि आपल्याला परवा. मागच्या परव्याला मात्र त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, ‘प्रोख्थेस’, तेव्हा तिथे सांभाळा. जोराचा पाऊस पडला की इंग्रजीत कुत्रीमांजरं पडतात. ग्रीक म्हणतो, खुर्च्यांचे पाय पडताहेत, ‘व्रेही कारेक्लोपोदारा’. ज्याच्या भाषेत मुसळधार पाऊस पडतो त्याला हे एकदा सांगितलं की पुरतं.

आणि माझं सगळ्यात लाडकं उदाहरण. दिवस भरत आलेल्या बाईला इंग्रजीत ‘गुड लक’ म्हणतील. ते तसंच ग्रीकमध्ये नेलंत तर ‘काली तिही’ होईल आणि समोरची बाई गोंधळेल. ग्रीक बायका म्हणतात ‘काली लेफ्तेर्या’. लेफ्तेर्या म्हणजे स्वातंत्र्य, सुटका. आपल्याकडच्या बायका ‘सुखरूप मोकळी हो’ म्हणतात. मी हे पहिल्यांदा अथेन्समध्ये, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या निरोपाच्या वेळी ऐकलं आणि अर्थ कुणाला विचारावाच लागला नाही.

मराठी सगळीकडे वाट दाखवते असं मात्र मी म्हणत नाही. ‘ने’ हा शब्द आपल्या कानाला नकारासारखा लागतो आणि त्याचा अर्थ ‘हो’ आहे. ‘नाही’ला ‘ओही’, आणि पुष्कळदा तेही न बोलता भुवया वर करून, मान किंचित मागे टाकून तोंडाने ‘च्’ करतात. ‘ती कानिस’चा शब्दशः अर्थ ‘काय करतोस’, पण तो प्रश्न ‘कसा आहेस’ यासाठी आहे. त्यावर आपल्या कामाधंद्याची माहिती द्यायला लागू नका. नावाआधी उपपद लावायचं असतं, ‘ओ निकोस’, आणि हाक मारताना शेवटचा स गळून ‘निको’ होतो. या गोष्टी जशा आहेत तशा पाठच कराव्या लागतात.

‘सॉरी’चा हिशेब छोटा आहे. धक्का लागला, उशीर झाला, कुणाला थांबवायचं असलं तर ‘सिग्नोमी’. तरुण मंडळी तिथे ‘सोरी’ही म्हणतात. कुणाचं वाईट झालेलं ऐकलं तर ‘लिपामे’, मला दुःख होतं. आजारी माणसाला यापैकी काहीच नको, तिथे ‘पेरास्तिका’, लवकर निभावो. मयताच्या घरी गेल्यावर ‘झोई से सास’, तुम्हाला आयुष्य लाभो. या चार प्रसंगांची अदलाबदल कुठल्याच समाजात खपत नाही.

ग्रीसमध्ये इंग्रजीवर काम भागतं, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. सान्तोरिनीला चार दिवस राहून येणाऱ्याला मी यातलं काहीच शिकायला सांगणार नाही. हॉटेल, टॅक्सी, दुकान, सगळीकडे इंग्रजी चालेल. पण तुम्ही सोयरे होऊन जाता आहात. त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना इंग्रजी येत असेलच असं नाही, आणि पुढे वर्षानुवर्षं ख्रिसमसला, ईस्टरला, आपलं नाव ज्या संताचं त्याच्या दिवशी फोन होणार आहेत.

आता तुर्की शब्द. ‘व्हॉट्स अप’साठी मी ‘ती खाबारिया’ दिलं, ते तुम्हाला सर्वात जास्त टोचलं. खाबारी म्हणजे खबर. अरबीतला हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, तुर्कीतून त्यांच्याकडे गेला. ‘खातीरी’ म्हणजे एखाद्याच्या खातर केलेली गोष्ट. ‘मे तो झोरी’ म्हणजे जोरजबरदस्तीने. ‘इमे खाल्या’ म्हणजे माझे हाल आहेत. ‘बेलास’ म्हणजे बला. हे शब्द शतकानुशतकं ग्रीक माणसांच्या घरात आहेत. त्यांना ग्रीक प्रत्यय लागतात, त्यांची ग्रीक अनेकवचनं होतात. ते काढून टाकायचे तर आपणही खबर, खातर, जोर आणि हाल काढून मराठी बोलून दाखवली पाहिजे.

भाषा शुद्ध करण्याची ओढ मला परकी नाही. राज्यव्यवहारकोश आपल्याकडे झाला, महापौर आणि दिनांक हे शब्द आपण घडवले आणि पचवले. ग्रीकांनी तर यापायी फार सोसलं आहे. स्मिर्नात जन्मलेले, पॅरिसला राहिलेले आदामांतिओस कोराईस (1748–1833) यांनी परके शब्द गाळून, जुन्या ग्रीककडे झुकणारी भाषा सुचवली. त्या दिशेने पुढे ‘काथारेवुसा’ वाढली, आणि सरकार, न्यायालय, वर्तमानपत्र, शाळा यांची भाषा एक आणि घरची दुसरी अशी फाळणी झाली. 1901 साली आलेक्सांद्रोस पालिस यांनी बायबलातल्या शुभवर्तमानांचं बोलभाषेत केलेलं भाषांतर ‘आक्रोपोलिस’ या वर्तमानपत्रात छापून येऊ लागलं. त्यावरून अथेन्समध्ये दंगल पेटली, आठ माणसं मेली आणि सरकार पडलं. (हे पालिस राल्ली बंधूंच्या पेढीत होते आणि काही वर्षं आपल्या मुंबईत राहिले होते. आज ‘रॅलीज’ म्हणून माहीत असलेल्या कंपनीचं मूळ तीच पेढी.) लोक जी भाषा बोलतात ती शिक्षणाची अधिकृत भाषा व्हायला 1976 उजाडलं. इतक्या उशिरा आणि इतक्या मोलाने मिळालेली बोली बाजूला सारून, प्लेटोच्या नावाखाली मी तुम्हाला लग्नघरात पुस्तकी ग्रीक बोलायला लावणार नाही.

शुद्ध शब्दांचा उपयोग वेगळ्या जागी आहे आणि तो शिकलाच पाहिजे, कारण ते शब्द रस्त्यावर लिहिलेले असतात. तोंडात ‘प्सोमी’ म्हणजे पाव, पण बेकरीच्या पाटीवर ‘आर्तोपिइओ’, जुन्या ‘आर्तोस’वरून. प्यायला मागायची ती ‘क्रासी’, म्हणजे वाइन, पण बाटलीवर छापलेला असतो ‘इनोस’. लाल रंग ‘कोकिनो’, पण रेड क्रॉस ‘एरिथ्रोस स्ताव्रोस’. आपण पाणी पितो आणि पाटीवर जलशुद्धीकरण केंद्र वाचतो, तसंच हे. नवे घडवलेले शब्द जिथे रुळले तिथे मी तेच दिले आहेत: मोबाईलला ‘किनितो’, म्हणजे हलतं-फिरतं, संगणकाला ‘इपोलोयिस्तिस’, म्हणजे हिशेब करणारा. ‘पार्किंग’ मात्र लोक पार्किंगच म्हणतात, म्हणून यादीतही तेच आहे. तुम्हाला लग्नात एखादं भारदस्त, जुन्या वळणाचं वाक्य हवंच असेल तर तेही आहे: ‘व्हियोन आन्थोस्पार्तोन’, आयुष्य फुलांनी पेरलेलं असो. शुभेच्छापत्रावर ते शोभेल. समोरासमोर ‘ना झिसेते’च म्हणा.

तुमची यादी टाकून देऊ नका, मला पाठवा. फक्त ग्रीक रकाना रिकामा ठेवा आणि मध्ये आणखी एक रकाना काढून प्रत्येक शब्दापुढे लिहा की तो तुम्ही कुणाला आणि कुठल्या वेळी म्हणणार आहात: मुलाच्या आजीला, कुंबारोसला, टॅक्सीवाल्याला, जेवताना, निघताना. तुमची बहीणही बोलणार असेल तर तिची वाक्यं वेगळी लिहा, कारण तिची रूपं वेगळी होतील. उत्तरं मी भरून पाठवते.