दात पाहून फोन

मागच्या महिन्यात काकाजीचा फोन विहिरीत पडला. मोटर पाणी काहून फेकत नाही हे पाहायला वाकले आणि शर्टाच्या वरच्या खिशातून फोन सरळ खाली, डुबुक. काकाजीनं आधी मोटरकडं पाहिलं, मंग पाण्याकडं, आणि म्हणाले, "जाऊ दे, तसाबी हँग होऊन रायला होता." आता नवा घ्यायचा म्हणजे सोबत दारव्ह्याला मला जावं लागणार, कारण घरात एमएससीआयटी केलेला मी एकटाच, आणि तेवढ्या एका सर्टिफिकेटवर अख्खं गाव मला सॉफ्टवेअर इंजिनिअर समजते. कोणाचे लग्नाचे फोटो उडाले की मी, कोणाच्या पोट्ट्यानं पॅटर्न बदलला की मी, गॅसची सबसिडी नाही आली तरी मीच.

दुकानातल्या पोट्ट्यानं काउंटरवर सहा डबे मांडले आणि नावं सांगायला सुरुवात केली. हा एस, हा टी, हा प्रो, हा प्रो प्लस, हा लाईट, हा नियो, आणि हा पॉवर पण याची बॅटरी त्या प्लसपेक्षा कमी आहे. काकाजीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला हळूच विचारलं, "हा मोबाईल दाखवून रायला का बियाणं?"

मला तर तिथंच हसू फुटलं, कारण अगदी तेच चालू होतं. मे महिना संपत आला की कृषी केंद्रात कपाशीच्या पाकिटांची भिंत उभी राहते, पन्नास नावं, कोणी गोल्ड कोणी सुपर कोणी प्लस, आतला बोंडअळी मारणारा बीटीचा जीन २००६ पासून तोच बोलगार्ड टू, सरकारनं कमाल भाव बांधून दिलेला म्हणून किंमतही तीच, आणि पाकिटावरचं बोंड पाहाल तर नारळाएवढं. आता आतलं वाण वेगवेगळं असते हे मलाही माहीत आहे, उगाच कोणी कृषी सहायक अंगावर येऊ नका, पण घेणाऱ्याला काउंटरवर फक्त नाव आणि बोंडच दिसते ना. गेल्या साली जे नाव चाललं नाही ते यावर्षी भिंतीवर दिसतच नाही, त्याच्या जागी दुसरंच काहीतरी लटकलेलं असते.

मी मंग माझं ज्ञान पाजळलं. काकाजीला सांगितलं की २०२१ मध्ये रेडमी नोट १० आला तर तो एकटा नाही आला, १०एस, १० प्रो, १० प्रो मॅक्स, १०टी ५जी असं सगळं खटलं घेऊन आला, आणि वरून ऑक्टोबरात १० लाईट आला तो तर आदल्या वर्षीचा नोट ९ प्रोच होता, फक्त बारसं नवीन. पुढच्या वर्षी नोट ११ एसई आला, तो म्हणजे १०एस.

"म्हंजे गेल्या सालचं बियाणं नव्या पाकिटात," काकाजी म्हणाले.

अजून एक गंमत सांगितली, की वनप्लसनं तीननंतर एकदम पाच काढला आणि रियलमीनंही तीनवरून पाचवर उडी मारली, कारण चिनी भाषेत चार आणि मरण यांचा उच्चार जवळजवळ सारखा. काकाजीला हे लगेच पटलं. आमच्याकडं नजर लागू नये म्हणून पोराचं नाव दगडू ठेवत होतेच की.

माझा स्वतःचा या नावांवरचा विश्वास मात्र २०१९ मध्येच उडालेला आहे. त्या काळी अँड्रॉइडच्या, म्हणजे फोन चालवणाऱ्या गूगलच्या सॉफ्टवेअरच्या, प्रत्येक आवृत्तीला गोडाचं नाव असे, किटकॅट, लॉलीपॉप, मार्शमॅलो, नूगा, ओरिओ असं करत करत २०१८ मध्ये नऊ नंबरला आला पाय. माझा ओरिओवाला फोन नवाकोरा होता, कंपनीचं नाव नाही घेत, आणि कंपनीनं सांगितलं की याला पाय मिळणार. मी घरात तसंच सांगितलं. आई महिनाभर विचारत होती, "आला का रे तुया फोनले पाय?" शेजारची काकू म्हणे, बाप्पा, आता फोनबी चालाले लागन का? पुढच्या वर्षी गूगलनं गोडाची नावंच बंद करून नुसतं दहा म्हटलं, आणि कारण असं दिलं की ही नावं सगळ्या देशातल्या लोकांना कळत नाहीत, पाय हे गोड असते हेच कित्येकांना माहीत नाही. आमच्या काकूनं पत्र लिहिलं नव्हतं, पण असं वाटलं खरं.

तर तो पाय आला २०१९ च्या दिवाळीत, म्हणजे बाहेर दहा येऊन गेल्यावर. १.८ जीबीचा. आमचा रोजचा डेटा दीड जीबी, आणि आमच्या घरी रेंज म्हणजे गोठ्याच्या टिनावर चढलं तर दोन काड्या. मी रात्री जेवण करून टिनावर चढलो, स्वेटर घातला, टोपडं बांधलं, फोन हात वर करून धरला. खाली गाय माझ्याकडं पाहत होती, म्हणजे तिला कळत होतं की हा माणूस काही बरा नाही. साडेअकराला ८३ टक्क्यांवर नेट संपलं. आता बारा वाजल्याशिवाय नवा डेटा येणार नाही, आणि खाली उतरलो तर डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून होईल की काय ही भीती, म्हणून तसाच बसून राहिलो. पावणेबाराला कुत्रं भुकलं, बाबा बॅटरी आन काठी घेऊन बाहेर आले, "कोन हाय बे तिकडं!" मी म्हटलं मी आहो, अपडेट करून रायलो. बाबा दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मंग आत जाऊन आईला म्हणाले, "याचं लग्न पाहा आता."

बारा वाजून दहा मिनिटांनी उरलेलं उतरलं. मंग फोन म्हणे इन्स्टॉल करायला बॅटरी कमी आहे, चार्जिंग लावा, आणि लाईन गेलेली. सकाळी एकदाचं झालं. नवीन काय आलं म्हणाल तर वरचं घड्याळ उजवीकडून डावीकडं गेलं. अजूनही काही आलं असेल, मला तेवढंच दिसलं. आई चहा घेऊन आली, "आला का पाय?" आला म्हटलं. "मंग कुठी हाय?" मी घड्याळ दाखवलं.

त्यानंतर त्या फोनला काही म्हणजे काही आलं नाही. अपडेट तपासा दाबलं की हिरवी खूण करून सांगे, तुमचा फोन अद्ययावत आहे. म्हणजे पेन्शन बंद झालेल्या माणसाला सांगावं की तुमचं आमच्याकडं काही येणं नाही.

आता असं काहून होते, तर मला जेवढं समजलं ते असं. गूगल नवीन अँड्रॉइड काढते, मंग चिप बनवणारी कंपनी ते आपल्या चिपवर बसवून देते, मंग फोनवाली कंपनी त्याच्यावर आपला रंगरंगोटीचा थर चढवते आणि एकेका मॉडेलवर चालवून पाहते. चिपवाल्यानं हात वर केले की पुढचं सगळंच अडते. आणि मॉडेलं तर एस, टी, प्रो, लाईट करत करत घरभर झालेली, त्यात स्वस्त फोनवर सुटते ते थोडकंच. घरात पंधरा पोट्टे असले तर पोळ्याला नवा कपडा कोणाकोणाला घेणार? पहिल्या दोघांना मिळते, बाकीच्यांना, अरे तुझा तर अजून फाटला नाही.

पण ॲपचं तसं नाही, तिथं मॉडेल जुनं का नवं कोणी विचारत नाही. २०२५ च्या पोळ्याला सकाळी बैल धुऊन आलो तर दारात आठ-दहा लोक उभे. सगळ्यांचा एकच आरोप, फोन आला की हिरवं बटण वर ढकलत होतो ते आता आडवं कसं झालं, तू काय केलं? रातोरात फोन करायच्या ॲपचं रूपच बदललं होतं, देशभरात, आणि गावाचा संशय एमएससीआयटीवर. एका बुढ्याचं म्हणणं होतं की मी त्याच्या फोनला दोन दिवसाआधी हात लावला होता. लावला होता, वेळ सांगायला.

असो. तर दुकानात पोट्टा अजून सांगतच होता, आणि काकाजीनं त्याला थांबवलं. "नाव राहू दे बाबू. बैलबाजारात सगळ्याच बैलाचं नाव राजा असते. आपन दात पाहून वय ओळखतो. याचे दात कुठी हायेत ते दाखव."

पोट्टा माझ्याकडं पाहायला लागला. मला मात्र बरोबर कळलं. मी दाखवायचा फोन घेतला, सेटिंगमध्ये गेलो, अबाउट फोन, अँड्रॉइड व्हर्जन. चौदा. बाहेर सोळा येऊन बसलं होतं. खाली सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची तारीख, दहा महिन्यांआधीची. काकाजीला वाचून दाखवली.

"सीलपॅक आहे काकाजी, कालच माल आला," पोट्टा म्हणे.

"माल काल आला असन. बैल सहा दाती हाय. दोन दाती म्हनून विकून रायला."

मंग मी सांगितलं की आता काही कंपन्या डब्याबरोबर किती वर्षं अपडेट देणार ते सांगतात, २०२३ मध्ये गूगलनं पिक्सेल ८ ला सात वर्षं म्हटलं, पण तो आपल्या बजेटमधला नाही, त्याच्या पुढच्या वर्षी सॅमसंगनं ए१६ ५जी ला सहा वर्षं म्हटलं, आणि युरोपात तर २० जून २०२५ पासून कायदाच आहे की मॉडेल विकणं बंद केलं तरी पुढं निदान पाच वर्षं अपडेट द्यायचे. काकाजी म्हणाले, "हे युरोप कुठी आलं? तिकडं वावर काय भावानं हाय?"

शेवटी चार वर्षांचा शब्द दिलेला एक घेतला. त्याच्या नावात प्लस पण आहे आणि जी पण आहे, ते काकाजीला अजून सांगता येत नाही, कोणी विचारलं तर निळा घेतला म्हणतात. घासाघीस करून कव्हर आणि काच फुकट घेतली, आणि येताना बसमध्ये दोन माणसांना दात कसे पाहायचे ते शिकवलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकाजी फोन घेऊन माझ्या दारात. "हे पाह्य, काय लिहून आलं."

नवीन अपडेट उपलब्ध आहे. ३.२ जीबी.

"आत्ताच त आनला, येवढ्यात बिघडला?"

म्हटलं बिघडला नाही काकाजी, हेच तर पाहून घेतलं आपण. काकाजीनं एकदा फोनकडं पाहिलं, एकदा गोठ्याकडं, आणि कोपऱ्यातली शिडी उचलून टिनाला लावून दिली.