तिळारीचं पाणी फुकट जात नाही

'धरण महाराष्ट्राच्या पैशातून, पाणी फुकट गोव्याला, विस्थापितांच्या हाती भोपळा. कालवे बंद करा, मग गोव्याला कळेल!' तिळारी धरणाबद्दलचा हा मेसेज सिंधुदुर्गातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. मला तो बांद्याच्या मामांनी पाठवला. ज्यांच्या गावासाठी तिळारीचा शाखा कालवा काढलाय, त्यांनीही न वाचता पुढे ढकलावा, याचाच जास्त राग आला.

आधी पैसे. तिळारी हा दोन्ही राज्यांचा संयुक्त प्रकल्प आहे. १९९० च्या करारात वाटणी ठरली: खर्चाचे ७३.३० टक्के गोव्याचे, २६.७० टक्के महाराष्ट्राचे, आणि पाणीही त्याच हिशोबाने. धरण दोडामार्ग तालुक्यात उभं आहे, पण मोठा भार गोव्याच्या तिजोरीने उचललाय. नियोजित २१,१९७ हेक्टर सिंचनापैकी ६,६७६ हेक्टर आपलं. यात फुकट काय आहे?

आता 'कालवे बंद करा'. हे लिहिणाऱ्याने कालवा कधी पाहिलाय का? गोव्याकडे जाणारं पाणी आधी दोडामार्गातूनच वाहतं. अस्तराला तडे गेलेत, भरावावर झाडं वाढलीत. भगदाड पडलं की गढूळ पाणी पहिल्यांदा आपल्याच केळीत आणि माडांत शिरतं. पलीकडे गोव्यात अस्नोडा, चांदेलच्या जलशुद्धीकरण केंद्रांना पाणी मिळत नाही आणि बार्देश-पेडण्याचे नळ कोरडे पडतात. म्हणजे आज दोडामार्गाहून रोज मोटारसायकलने गोव्यात कामाला जाणारी पोरं ज्या वस्त्यांत राबतात, तिथले नळ. शिवाय वाटणी संयुक्त असल्यामुळेच दुरुस्तीतही गोव्याचा वाटा येतो. पाणी अडवून तो वाटा कुठल्या तोंडाने मागणार?



विस्थापितांचं मात्र मान्य करावं लागेल. आयनोडे, सरगवे, शिरंगे, पाट्ये इथल्या लोकांनी घरंदारं, देवळं सोडली. सरकारी नोकरीसाठी त्यांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली आणि शेवटी नोकरीऐवजी एकरकमी पैशांचा तोडगा पुढे आला. हा अन्याय खराच. पण तो दोन्ही सरकारांनी मिळून केला, एकट्या गोव्याने नाही. मामा, तुम्हाला खरंच काही फॉरवर्ड करायचं असेल, तर बांदा शाखा कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत का पोचत नाही, हे जलसंपदा खात्याला विचारणारं पत्र करा. सही मीही करतो.