बिनरुळाची आगगाडी आणि कट्ट्यावरचा राडा

काल पक्याने कटिंग यायच्या आधीच मोबाईल पुढे केला, म्हणे ही गाडी बघा, आणि झालं, त्यातच दीड तास गेला. अमेरिकेतल्या लेटर्नो कंपनीने तिथल्या आर्मीसाठी बनवलेली ओव्हरलँड ट्रेन. रूळ नाही, रस्ता नाही, नुसती ५४ चाकं, एकेक चाक १० फुटी, म्हणजे आमच्या टपरीच्या पत्र्यापेक्षा उंच. लांबी ५७० फुटांच्या वर, माल १५० टन, स्पीड ताशी २० मैल. १९६२ला अ‍ॅरिझोनात यूमाच्या वाळवंटात चालवून पाहिली.

"वळणार कसं हे धेंड?" सुन्या.

पक्याने तेरा डब्यांची तेरा बिस्किटं लायनीत मांडली. टर्बाईनवर वीज करायची, ती केबलने सगळ्या डब्यांना न्यायची आणि प्रत्येक चाकाच्या पोटात मोटर. मागचा डबा पुढच्याच्याच चाकोरीतून येतो. तेवढ्यात दोन बिस्किटं बाप्याने खाल्ली, मग ट्रेन ११ डब्यांची राहिली.

"एवढी भारी तर बंद का पडली?"

"हेलिकॉप्टर आलं ना, जड माल उचलणारं, स्कायक्रेन, त्याच वर्षी उडालं." पक्या.

इथे सुन्या पेटला. अरे ते उचलतं दहाएक टन, ही नेते दीडशे, पंधरा फेऱ्या मारणार का तुझं हेलिकॉप्टर? मला त्याचं पटलं. गाडी मुळात पाहिजे कशाला होती, तर पन्नाशीच्या दशकात उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात रडारची रांग उभी करायची होती, तिथे रस्ताच नव्हता. त्यासाठी १९५५ला लेटर्नोनेच स्नो-फ्रेटर ही बर्फातली मालगाडी काढली होती, ती नंतर जळाली, सांगाडा अजून अलास्कात फेअरबँक्सजवळ उभा आहे. पण ही मोठी ट्रेन तयार होईपर्यंत रडार कधीच लागून गेले होते. लग्न उरकल्यावर मांडववाला आला तर त्याला कोण विचारणार? हेलिकॉप्टर हे कारण नंतरचं.

बाप्याचं म्हणणं, असल्या गाड्या मुळातच फसव्या. १९३९ला अंटार्क्टिकाला नेलेली पोल्टरची स्नो क्रूझर, बर्फावर चालवायची गाडी, घ्या, टायर ठेवले गुळगुळीत, उतरल्या उतरल्या बर्फात रुतली, शेवटी रिव्हर्समध्ये बरी चालते म्हणून उलटीच हाकली, ९२ मैल! यावर चहा नाकातून आला सगळ्यांच्या. पण बाप्या, ती चालली नाही आणि ही चालली, दोन्ही एका मापाने कशी मोजतोस? तो काय ऐकतोय.

मग १९६९ला ट्रेन विकायला काढली, १४ लाख डॉलरला. कोणी घेतली नाही, डबे भंगारात गेले, पुढचं ड्रायव्हरचं इंजिन तेवढं यूमाला म्युझियममध्ये आहे.

इतका वेळ गप्प बसलेला टपरीवाला मामा फडकं झटकत म्हणाला, "पण भंगारात किलोला काय भाव लागला?"

पक्या अजून मोबाईलवर शोधतोय.