जनुकं असताना माणसं कशाला तपासता?

संशोधनात नाव काढायचंय ना? मग आधी माणसांचा नाद सोडा. ती तपासणीला वेळेवर येत नाहीत आणि दारू किती पिता विचारलं की निम्मीच सांगतात. त्यापेक्षा त्यांची जनुकं धरा. आईबापांकडून कोणतं जनुक येणार हे नशिबावर, म्हणजे निसर्गानंच चिठ्ठ्या टाकून तुमचा प्रयोग उरकून ठेवलाय. या चिठ्ठ्यांवरून एखादी सवय खरंच आजाराला कारण होते का हे ताडायचं, याला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात.

कृती सोपी. फुकटचा डेटा उतरवा, एका फाइलीतून कॉफी पिण्याच्या सवयीशी जोडलेली जनुकं घ्या, दुसरीतून त्याच जनुकांचा गुडघेदुखीशी संबंध, आणि बटण दाबा. नाही जमलं तर कॉफीऐवजी चीज. पी हळद अन् हो गोरी!

अटी तीनच आहेत. जनुकाचा सवयीशी संबंध हवा. जनुक आणि आजार या दोहोंमागे तिसरंच कारण नको. आणि जनुकानं आजारापर्यंत त्या सवयीच्याच वाटेनं जावं, आडवाटेनं नाही. पहिली तपासता येते. उरलेल्या दोन पुरत्या सिद्ध होत नाहीत, तेव्हा त्या ‘गृहीत धरल्या आहेत’ असं लिहून मोकळं व्हा.

काही जण उगाच जिवाला त्रास करून घेतात. 2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चीनमधला एक अभ्यास आला. तिथं अनेकांत एएलडीएच2 जनुकाचा असा प्रकार असतो, की दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, मळमळतं. साहजिकच ती माणसं कमी पितात. जनुकांवरून हिशेब मांडला, तर पुरुषांत दारूबरोबर पक्षाघाताचा धोका चढतच गेला. ‘रोज थोडी तब्येतीला बरी’ निकालात निघालं. इथं थांबावं की नाही? पण यांनी बायकाही तपासल्या! त्या जवळजवळ पीतच नाहीत. जनुक आडवाटेनं रक्तदाब वाढवत असतं, तर त्यांच्यातही दिसलं असतं. दिसलं नाही. एवढी उस्तवार तुम्ही करू नका.

कॉफी-गुडघेदुखीऐवजी शिक्षणानं पगार वाढतो का हा प्रश्न घेतलात, तर आईबापांचा विषय काढूच नका. आइसलँडमधल्या 2018च्या अभ्यासात मुलांना न मिळालेली जनुकंही त्यांच्या शिक्षणाशी जोडलेली निघाली, कारण ती आईबापांमार्फत घरात वावरतच होती. म्हणून एकाच घरातल्या भावंडांची तुलना करा म्हणणाऱ्याला नमुना लहान पडतो म्हणावं.

डेटा यूके बायोबँकचा, म्हणजे ब्रिटनमधल्या लोकांच्या जनुकांच्या नि तब्येतीच्या माहितीसाठ्याचा घ्या. 90 लाखांवर निमंत्रणं गेली, आले 5 लाख, तेही सरासरीपेक्षा धडधाकट. निष्कर्ष मात्र अखिल मानवजातीला लावा, सोलापूरसकट.

शोधनिबंध तपासणाऱ्या परीक्षकानं आडवाटेबद्दल छेडलंच, तर एमआर-एगर या आडवाट हुडकणाऱ्या चाचणीचा आलेख जोडा. त्या चाचणीलाही स्वतःची एक सिद्ध न होणारी अट आहे, पण आलेख रंगीत असला की तिथवर सहसा कोणी पोचत नाही.