"जरा उडवा ना" म्हणणाऱ्यांनो

सकाळी फॅमिली ग्रुपवर उजनी धरणाच्या काठच्या भिगवणचा एक रील आला. फ्लेमिंगो आपले शांत चरतायत, होडी सरळ थव्यात घुसते, सगळे धडपडत पाण्यावरून पळत सुटतात, वर गाणं लावलेलं आणि खाली वॉव, सो ब्यूटिफुल. डोकं फिरलं माझं.

अरे घाबरलेत ते! फ्लेमिंगोला बसल्या जागी झेप घेता येत नाही, पाण्यावर धावत वेग घेतला की मग कुठे तो उचलला जातो. मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलातलं शेवाळ नि बारीक जीव गाळत बसायचं, हे त्याचं जेवण. आणि आपण येऊन त्याला भरल्या ताटावरून उठवायचं?

मागच्या हिवाळ्यात आम्ही सगळे भिगवणजवळच्या कुंभारगावला गेलो होतो, सासूबाई, दीर-जाऊ, पोरं. दीर म्हणालेच, "मामा, जरा उडवा ना, वर पैसे देतो." होडीवाले मामा बांबू रोवून थांबले. "न्हाय दादा, खात्यात ती. हितनंच बघा." बास. दीर जरा फुगले, पण मग होडी हलेचना म्हटल्यावर पोरंही गप्प झाली आणि काय काय दिसायला लागलं! चित्रबलाक, शेकाटे असे पक्षी, आणि एका ऑस्प्रेने, म्हणजे मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याने, धाडकन पाण्यात पाय घालून मासा उचलला तेव्हा सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. एरवी सहलीला नको म्हणणारी बाई, परत निघायलाच तयार नव्हती.

मामांनी पैसे घेऊन उडवले असते तर यातलं काहीच नसतं दिसलं.

हां, होडीवाल्यांचं पोट यावर आहे, एकाने नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या होडीत बसतं, मान्य. पण मग मागतं कोण? आपणच ना, पुण्या-मुंबईहून गाड्या काढून जाणारे! शेजारची होडी तर सीगलना फरसाण टाकत होती. फरसाण! मामा नुसते बघत होते तिकडे, बोलले काही नाहीत.

पट्टकदंब नावाचे हंस हिमालय ओलांडून उजनीच्या पाण्यावर उतरतात. 1980 ला धरण पूर्ण झालं, गावंच्या गावं पाण्याखाली गेली, तेव्हा कुठे हे उथळ काठ त्यांना मिळालेत. तिथे दोन तास नीट बसवत नाही आपल्याला?

नोव्हेंबर ते मार्च कधीही जा, पोरांना, आजी-आजोबांना घेऊन जा, दुर्बीण नसेल तर माझी न्या, खरंच सांगते. फक्त होडीत पाय ठेवायच्या आधीच मामांना सांगा, लांबूनच दाखवा, पैसे तेवढेच देऊ. आणि तो रील ग्रुपवर टाकणाऱ्याला मी फोन करणारे आज.